ट्रम्पेटवादनात मास्टर्स: अमेरिका, जर्मनी की इंग्लंड?

सासष्टीकर

मी ट्रम्पेट वाजवतो. स्वरलेखन वाचायला आणि वाद्य फुंकायला मी आमच्या गावच्या चर्चच्या संगीतशाळेत शिकलो, पुढे पणजीला कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात धडे घेतले आणि अलीकडेच लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची एलटीसीएल ही वादनाची पदविका पूर्ण केली. मधल्या काळात वाणिज्य शाखेची पदवीही झाली, कारण घरच्यांची तेवढी एकच अट होती. सध्या फेस्तांच्या (चर्चच्या सणांच्या) मिरवणुका, लग्नांची रिसेप्शने, हॉटेलांतील संध्याकाळचे कार्यक्रम आणि मुंबईहून बोलावणे आले तर एखादे ध्वनिमुद्रण यांवर माझे भागते. तक्रार नाही, पण मला सिंफनी ऑर्केस्ट्रात बसून वाजवायचे आहे, आणि ते साधले नाही तर निदान हे वाद्य पद्धतशीरपणे शिकवता येईल एवढी तयारी करायची आहे.

परदेशात ट्रम्पेटवादनात मास्टर्स करावे असे मनात आहे. वडील कर्ज काढायला तयार आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने मी निर्णयाची घाई करू इच्छित नाही. माहितीपत्रके वाचून सगळ्याच संस्था उत्तम वाटतात. ज्यांनी पितळी वाद्यांचे उच्च शिक्षण घेतले आहे किंवा ते जवळून पाहिले आहे, त्यांनी देश, संस्था, खर्च आणि पुढचा मार्ग यांविषयी स्पष्ट मत द्यावे अशी विनंती आहे.

पांथस्थ

सासष्टीकर, मी मूळचा पुण्याचा. फ्रेंच हॉर्न वाजवतो आणि अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका सरकारी विद्यापीठातून मास्टर ऑफ म्युझिक केले आहे, म्हणून केवळ अमेरिकेपुरते लिहितो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमध्ये पदवीला गुण नसतात. अमेरिकेत निदान सुरुवातीच्या फेऱ्या पडद्याआडून होतात. समितीला उमेदवाराचा क्रमांक आणि त्याचा आवाज यांपलीकडे काही कळत नाही. कॅरल जँट्श यांनी २००६ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रातील ट्यूबाची (सर्वांत खालच्या सुराच्या पितळी वाद्याची) जागा जिंकली तेव्हा त्या मिशिगन विद्यापीठात बॅचलर्सच्या शेवटच्या वर्षाला होत्या. पदवी लागते ती विद्यापीठात शिकवण्यासाठी, आणि तिथे मास्टर्सही पुरत नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाच्या जाहिरातीत बहुधा डीएमए, म्हणजे संगीतातील डॉक्टरेट, किंवा तिच्या तोडीचा व्यावसायिक अनुभव मागितलेला असतो. तेव्हा मास्टर्सच्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्षात एक गुरू, सरावाला मोकळा वेळ आणि आपल्यापेक्षा चांगले वाजवणारे सहाध्यायी विकत घेता. या तिन्हींपैकी पहिल्याचे मोल सर्वाधिक आहे.

म्हणून संस्थांच्या क्रमवाऱ्या बाजूला ठेवा आणि शिक्षकांची यादी करा. त्यांचे गेल्या काही वर्षांतले विद्यार्थी आज कुठे वाजवतात हे शोधा. विद्यार्थी पुढे कुठे गेले हे जो शिक्षक पटकन सांगू शकत नाही, त्याच्याविषयी मला शंका येते. शरद ऋतूच्या सुरुवातीलाच त्यांना पत्र लिहून ट्रायल लेसन मागा. आजकाल तो ऑनलाइनही मिळतो, मात्र आवाजाच्या पोताविषयी ऑनलाइन काहीच कळत नाही हे ध्यानात ठेवा. त्या तासाभरात शिक्षक तुमच्या वाजवण्यातील एखादी गोष्ट बदलायला सांगतो का, आणि ती बदलल्यावर फरक पडतो का, एवढेच पाहा. नुसती स्तुती झाली तर तो तास वाया गेला असे समजा.

दुसरी गोष्ट जागांची. व्हायोलिनच्या वर्गात पन्नास विद्यार्थी चालतात, कारण ऑर्केस्ट्राला व्हायोलिने पुष्कळ लागतात. ट्रम्पेटच्या एका शिक्षकाकडे पदव्युत्तर विद्यार्थी मूठभरच असतात आणि ट्यूबाकडे कधी एकच. त्यामुळे या वर्षी त्या वर्गातून कितीजण बाहेर पडत आहेत, यावर तुमचा प्रवेश तुमच्या वादनाइतकाच अवलंबून असतो. हा प्रश्न शिक्षकाला सरळ विचारता येतो. त्यात कोणी गैर मानत नाही.

तिसरी गोष्ट पैशांची. न्यूयॉर्क, बॉस्टन येथील नामवंत खासगी कॉन्झर्व्हेटरींचे (संगीत महाविद्यालयांचे) नुसते शिक्षणशुल्कच वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे आहे. याउलट येल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये २००५ मध्ये मिळालेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे कोणाही विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क भरावे लागत नाही, आणि लॉस एंजेलिसच्या कोलबर्नमध्ये राहण्याजेवणाचा भारही संस्था उचलते. अर्थात अशा ठिकाणी एका खुर्चीसाठी जगभरातून अर्ज येतात. सामान्य विद्यार्थ्याचा खरा आधार म्हणजे सरकारी विद्यापीठांतील ग्रॅज्युएट असिस्टंटशिप. तीत शुल्क माफ होते आणि दरमहा थोडे मानधन मिळते. बदल्यात आठवड्याला ठरावीक तास काम करायचे. ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, विद्यार्थ्याकडे हे काम पदव्युत्तर ब्रास क्विंटेटमध्ये (पाच वादकांच्या गटात) वाजवणे, पुढे शाळेत संगीत शिकवणार असलेल्या पदवीच्या मुलांना ट्रम्पेटची तोंडओळख करून देणे किंवा मार्चिंग बँडला मदत करणे या रूपात येते. फुटबॉलच्या सामन्याला कडाक्याच्या थंडीत उभे राहून वाजवणाऱ्या दोनशे मुलांच्या रांगा सरळ करणे हे माझ्या कल्पनेतल्या उच्च शिक्षणात बसत नव्हते, पण त्या कामाने माझे घरभाडे दिले.

वेळापत्रक साधारण असे असते: बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरपर्यंत प्राथमिक चाळणीसाठी व्हिडिओ पाठवायचा, निवड झाल्यास जानेवारी ते मार्च या काळात प्रत्यक्ष ऑडिशन द्यायची, आणि असिस्टंटशिपचा प्रस्ताव आल्यास १५ एप्रिलपर्यंत उत्तर कळवायचे. ट्रम्पेटसाठी हायडनचा कॉन्चेर्तो, शार्लिएच्या संग्रहातील एखादा एट्यूड (सरावाची रचना) आणि ऑर्केस्ट्रातील उतारे हे जवळपास सगळीकडे मागतात. उताऱ्यांत मालरच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात, मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'मधील प्रोमेनाड, स्त्राविन्स्कीच्या 'पेत्रुश्का'तील बॅलेरिनाचे नृत्य आणि बेथोवेनच्या तिसऱ्या लिओनोरे ओव्हर्चरमधील पडद्यामागची ललकारी हे ठरलेले आहेत. हे उतारे वाजवायला तुमच्याकडे सी ट्रम्पेट (नेहमीच्या बी-फ्लॅटपेक्षा एक स्वर वर लावलेला) आहे का?

सासष्टीकर

पांथस्थ, इतक्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे फक्त बी-फ्लॅट ट्रम्पेट आहे. गोव्यात सी ट्रम्पेट मी एका ज्येष्ठ वादकाकडे पाहिला, पण तो हातात घेऊन नीट वाजवण्याची संधी मिळालेली नाही. दुसरी अडचण अशी की माझी पदवी संगीताची नाही. एलटीसीएल ही पदवीच्या तोडीची मानली जाते असे आम्हांला सांगितले गेले होते. ते प्रवेशासाठी पुरते का?

लंडनवासी

इंग्लंडपुरते उत्तर देते. ट्रिनिटीची एलटीसीएल तिथल्या राष्ट्रीय पात्रता-चौकटीत सहाव्या पातळीवर आहे, म्हणजे पदवीच्या अंतिम वर्षाच्या तोडीची, आणि तिच्या पुढची एफटीसीएल सातव्या, म्हणजे पदव्युत्तर पातळीवर. ही तुलना वादनाच्या दर्जाची आहे; इतिहास, स्वरसंगती, विश्लेषण असे जे विषय पदवीचा विद्यार्थी तीन-चार वर्षे शिकतो ते त्यात येत नाहीत. लंडनच्या रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज, गिल्डहॉल किंवा मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्नसारख्या संस्था ऑडिशनला सर्वाधिक महत्त्व देतात आणि संगीतेतर पदवी असलेल्या चांगल्या वादकाचा विचार करतात. अमेरिकेतही असा प्रवेश मिळू शकतो, पण सुरुवातीला थिअरी आणि इतिहासाची चाचणी होते आणि ती जमली नाही तर पदवीच्या मुलांबरोबर ते वर्ग करावे लागतात. त्याचे श्रेयांक मास्टर्समध्ये धरत नाहीत, शुल्क मात्र धरतात.

ब्रिटनचे शुल्क परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला २५ हजार पौंडांच्या पुढे जाते, हा तिथला मोठा अडसर आहे. शिष्यवृत्त्या आहेत, परंतु शुल्काचा काही भागच भागवणाऱ्या अधिक. एक गोष्ट मात्र तिथेच मिळते: ब्रास बँडची परंपरा. यॉर्कशायरच्या खाणी आणि गिरण्यांच्या आसऱ्याने वाढलेले ब्लॅक डाइकसारखे बँड आजही स्पर्धा गाजवतात, आणि त्यांतले बहुतेक वादक दिवसा दुसरी नोकरी करतात. अशा बँडमध्ये जागा मिळाली तर पैसे मिळत नाहीत, पण जिभेचा आणि बोटांचा जो वेग येतो तो कॉलेजात येत नाही. ट्रम्पेटवाल्याला तिथे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच, पण आखूड वाद्य) हातात घ्यावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. मी स्वतः वादक नाही. माझी पत्नी ट्रॉम्बोन वाजवते आणि तिचे मास्टर्स इथल्याच एका संगीत होखशूलमध्ये (संगीत महाविद्यालयात) झाले. घरात दोन वर्षे तेच ऐकत होतो.

जर्मनीत २४ सरकारी संगीत होखशूल आहेत आणि बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही. फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-व्ह्युर्टेमबर्ग राज्याने २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले आहे, आणि फ्रायबुर्ग, कार्ल्सरुह, मानहाइम, श्टुटगार्ट व ट्रोसिंगेन या पाचही संस्था त्या राज्यात येतात. तरीही अमेरिकेच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षभराचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. हा आकडा २०२४च्या सप्टेंबरपासूनचा आहे आणि तो वाढत जातो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची परवानगी असते, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

आता अडचणी. पहिली भाषेची: बऱ्याच संस्थांना प्रवेशाच्या वेळी किंवा पहिल्या वर्षाच्या आत जर्मनचे बी१ किंवा बी२, म्हणजे मध्यम पातळीचे, प्रमाणपत्र हवे असते, आणि ते असलेच पाहिजे, कारण सगळ्या तालमी जर्मनमध्येच होतात. दुसरी पदवीची: इथे मास्टर्सला साधारणपणे त्याच वाद्यातील बॅचलर्स मागतात. सासष्टीकर, तुमच्या बाबतीत ही भिंत मोठी ठरेल. काही संस्था समकक्ष तयारी मान्य करतात, पण तसे प्रत्येक संस्थेकडून लेखी विचारून घ्या. आणि पुन्हा बॅचलर्सलाच बसावे लागले तर वयाची मर्यादा असते का हेही विचारा. तिसरी अडचण वाद्याची, आणि भारतीय मुलांना ती इथे आल्यावरच कळते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ऑर्केस्ट्रा ब्राम्स, ब्रुकनर, वाग्नर वाजवताना रोटरी (फिरत्या) व्हॉल्व्हचा ट्रम्पेट वापरतात. तो आडवा धरतात आणि त्याचा आवाज नेहमीच्या पिस्टनच्या (वरखाली दाबायच्या व्हॉल्व्हच्या) वाद्यापेक्षा रुंद आणि काहीसा गडद असतो. ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीत हायडन बी-फ्लॅट वाद्यावर आणि उतारे जर्मन ट्रम्पेटवर मागितलेले आढळतात. म्हणजे अमेरिकेत शिकून जर्मनीत ऑडिशन द्यायची, किंवा उलट, असे ठरवले तर नवे वाद्य, नवा कान आणि नव्याने सराव आला. ट्यूबावाल्यांचे हाल याहून मोठे: अमेरिकेत सी ट्यूबा, इंग्लंडमध्ये ई-फ्लॅट, इथे बी-फ्लॅट आणि एफ.

नोकरीचे म्हणाल तर सरकारी अनुदानावर चालणारे सुमारे १३० ऑर्केस्ट्रा या एका देशात आहेत. एवढी दाटी दुसरीकडे कुठे नाही. पण ऑडिशनला निमंत्रणाशिवाय जाता येत नाही, आणि निमंत्रण देताना ते अर्जातली शिक्षकांची नावे आणि पूर्वीचा ऑर्केस्ट्राचा अनुभव पाहतात. जागा जिंकली तरी प्रोबेयार, म्हणजे परीक्षेचे वर्ष, काढावे लागते आणि त्याअखेरीस ऑर्केस्ट्रातील सहकारी तुमच्यावर मतदान करतात. म्हणून इथले हुशार विद्यार्थी मास्टर्स करता करता एखाद्या ऑर्केस्ट्राच्या अकादमीत शिरण्याची धडपड करतात. बर्लिन फिलहार्मोनिकची कारायान अकादमी १९७२ पासून हेच काम करते: दोन वर्षे विद्यावेतन, ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडे शिक्षण आणि प्रत्यक्ष मैफलींत त्याच्या शेजारची खुर्ची.

हिशेबनीस

सगळ्यांनी फार चांगली माहिती दिली आहे, पण मुख्य प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. तो मी घालतो. वाईटपणा आला तरी चालेल.

एका पूर्ण ऑर्केस्ट्रात हॉर्न साधारण चार-पाच, ट्रम्पेट तीन-चार, ट्रॉम्बोन तीन आणि ट्यूबा एक असतो. नोकरी लागलेला वादक ती तीस-चाळीस वर्षे सोडत नाही. शिकागो सिंफनीत अडॉल्फ हर्सेथ १९४८ साली प्रमुख ट्रम्पेटवादक झाले आणि २००१ पर्यंत त्याच खुर्चीवर होते. अर्धशतक! त्या काळात किती पिढ्या मास्टर्स करून बाहेर पडल्या असतील त्याचा हिशेब आपणच करा. विद्यापीठे दर वर्षी पदवीधर तयार करतात, जागा मात्र कोणी निवृत्त झाले तरच निघते.

त्यात परदेशी विद्यार्थ्याचे पाय आणखी बांधलेले. अमेरिकेत ब्रासवादकांना पगारी नोकरी देणारे मोठे क्षेत्र म्हणजे सैन्याचे बँड, आणि वॉशिंग्टनमधील नामांकित बँड नागरिकत्वाशिवाय घेत नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांची. अभियंत्यांना आणि संगणकवाल्यांना मिळणारी पुढची २४ महिन्यांची वाढ वादनाच्या पदवीला लागू नाही. बारा महिन्यांत किती ऑडिशन होतील आणि त्यांतल्या कितींचा विमानखर्च हा मुलगा उचलेल? ऑडिशनला येण्याजाण्याचे पैसे उमेदवारच भरतो, हेही माहितीपत्रकात नसते.

माझे मत स्पष्ट आहे. शुल्क माफ होत असेल तरच जावे. वडिलांच्या कर्जावर पन्नास हजार डॉलरच्या शाळेत जाऊ नये, मग तिचे नाव कितीही मोठे असो. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेले की बँक बहुधा तारण मागते, आणि मध्यमवर्गीयाचे तारण म्हणजे राहते घर.

पांथस्थ

हिशेबनीस, आकड्यांविषयी मतभेद नाही. कर्जाविषयीही नाही, मी असिस्टंटशिपशिवाय गेलोच नसतो. परंतु पगारी खुर्ची मिळाली तरच शिक्षण सार्थकी लागले, हा तुमचा हिशेब मला अपुरा वाटतो. माझ्याबरोबरच्यांपैकी ऑर्केस्ट्रात कायम झालेले थोडे आहेत हे खरे. बाकीचे उपाशी नाहीत. कोणी शाळेत बँड शिकवतो, कोणी दोन-तीन लहान शहरांच्या हंगामी ऑर्केस्ट्रांत वाजवून आठवडाभर खासगी धडे घेतो, एकजण वाद्यदुरुस्ती शिकला आणि त्याच्याकडे आता महिनाभराची प्रतीक्षायादी असते. पदवी आणि नोकरी यांच्यामधल्या काळासाठीही काही सोयी आहेत: मायामी बीचचा न्यू वर्ल्ड सिंफनी हा १९८७ पासून केवळ पदवीनंतरच्या तरुण वादकांसाठी चालतो, तीन वर्षांची फेलोशिप असते, विद्यावेतन आणि निवास मिळतो. तिथे शिरणे अवघड आहे, हे सांगायला नकोच.

आणि सासष्टीकरांना परत यायचे असेल तर? त्यांनी शिकवण्याचाही उल्लेख केला आहे. भारतात व्हायोलिन आणि पियानोचे शिक्षक मिळतात. ट्रम्पेटचा श्वास, ओठांची ठेवण आणि जीभ यांचे शास्त्र शिकवणारा माणूस किती शहरांत आहे?

हिशेबनीस

तो शिक्षक नक्कीच हवा. त्याला पगार कोण देणार हे सांगितलेत की मी माघार घेतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, देशातला एकमेव व्यावसायिक ऑर्केस्ट्रा, आणि त्याच्या हंगामासाठीही बरेचसे वादक परदेशातून येतात. म्हणजे मागणी आहे, पण ती वर्षातल्या काही आठवड्यांपुरती.

कुलाबा_बँडमन

मी नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालो. आयएनएस कुंजालीच्या संगीतशाळेत शिकलो आणि नंतर तिथेच शिकवले. वर जी चर्चा झाली ती वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली हर्सेथसाहेबांविषयी, कारण त्यांचे नाव निघालेच आहे. त्यांची पहिली पदवी गणिताची होती, आयोवातल्या ल्यूथर कॉलेजची. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात बँडमन होते, त्यानंतर बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकले आणि तिथून शिकागोला गेले. तेव्हा चिरंजीव, बी.कॉम.ची लाज बाळगू नका, आणि मिरवणुकीत वाजवता याचीही नको. उन्हात चार तास चालत वाजवणाऱ्याचा दम आणि ओठ तयार झालेले असतात. आपल्या मुंबईच्या फिल्मी संगीताला ज्यांनी ट्रम्पेटचा आवाज दिला ते चिक चॉकलेट काय किंवा फ्रँक फर्नांड काय, गोव्याच्याच मातीतले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मिरवणुकीतून जे मिळते त्याबरोबर एक खोडही लागते: मोकळ्या रस्त्यावर, ढोलाच्या वर आवाज काढण्यासाठी माउथपीस ओठांवर दाबायची. आवाज निघतो, पण वरच्या स्वरांसाठी दाब वाढत जातो, ओठातले रक्त थांबते आणि तासाभरात ओठ मेलेला असतो. असा वादक परदेशात गेला की शिक्षक पहिल्या सत्रात त्याचे सगळे वाजवणे थांबवतो आणि लांब स्वरांपासून सुरुवात करायला लावतो. पहिल्या वर्षाची एक चतुर्थांश रक्कम अशी लांब स्वरांवर खर्च करण्यापेक्षा ते काम इथे, घरी, फुकट करून जा. रोज सकाळी मंद आवाजात, आरशासमोर, दाब न वाढवता लांब स्वर आणि लिप स्लर (जीभ न लावता ओठांनीच एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणे). आर्बानच्या सरावपुस्तकातली पहिली पाने. मध्ये जितका वेळ वाजवले तितकीच विश्रांती. व्हायोलिनवाले आठ तास सराव करतात ते पाहून आपण करू नये. आपले वाद्य ओठाच्या स्नायूवर चालते, आणि तो दिवसाला तीन-चार तासांपेक्षा अधिक सहन करत नाही. दुखऱ्या ओठाने वाजवत राहिलेले आणि मग कायमचे बंद पडलेले चांगले वादक मी पाहिले आहेत. ओठाला कंप सुटला, कडेने हवा गळू लागली किंवा काल सहज येणारा स्वर आज मुळीच बोलेना, तर 'सराव कमी पडतो' असे समजून अधिक वाजवू नका; थांबा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

नौदलाच्या बँडचाही विचार करा, असे मी म्हणणार होतो, पण तुमचे मन ऑर्केस्ट्राकडे आहे हे दिसतेच आहे.

जर्सीची_आजी

माझी नात इथे अमेरिकेत युफोनियम (ट्यूबासारखे, पण लहान पितळी वाद्य) वाजवते आणि पुढच्या वर्षी मास्टर्सला जाईल, म्हणून हा धागा लक्षपूर्वक वाचला. ती इथलीच नागरिक आहे, तेव्हा तिला सैन्याच्या बँडचा रस्ता मोकळा आहे. खरे तर तिच्या वाद्याला तोच मुख्य रस्ता आहे, कारण सिंफनी ऑर्केस्ट्रात युफोनियमला कायमची खुर्चीच नसते. तिच्या शिक्षकांनी तिला दिलेला सल्ला सांगते: अर्ज पाच-सहा ठिकाणीच करायचे, आणि प्रत्येक ठिकाणचा सध्याचा एखादा विद्यार्थी गाठून त्याला एकट्याने विचारायचे की शिक्षक सत्रात किती आठवडे प्रत्यक्ष हजर असतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे शिक्षक दौऱ्यावर जातात आणि धडे मागेपुढे होतात. नाव मोठे, दर्शन कमी, असे होऊ नये.

सासष्टीकर

सर्वांचे आभार. कुलाबा_बँडमन काका, दाबाविषयी तुम्ही लिहिलेले वाचून आरशासमोर वाजवून पाहिले. वरच्या जी स्वराच्या पुढे नेमके तेच होते आहे. या पावसाळ्यात मिरवणुका नसतात, तेवढ्या काळात हे काम हाती घेतो.

तूर्त असे ठरवतो आहे. या वर्षी अर्ज करणार नाही. या वर्षात एक सी ट्रम्पेट मिळवणे, थिअरी आणि पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाचा अभ्यास, आणि जमल्यास एफटीसीएल. पुढच्या शरदात अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांच्या पाच शिक्षकांना लिहीन आणि असिस्टंटशिप मिळाली तरच जाईन. येललाही एक अर्ज करीन, कारण तिथे निदान शुल्काचा प्रश्न नाही. जर्मनीचा पर्याय जड मनाने बाजूला ठेवतो. पदवीची अट आणि नवे वाद्य ही दोन ओझी एकदम पेलणार नाहीत. हिशेबनीस, वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते तुमच्या बाजूचे झाले आहेत.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. चाळणीच्या व्हिडिओसाठी ध्वनिमुद्रण कुठे आणि कसे करावे? पणजीत स्टुडिओ आहेत, पण ते सगळे गाण्यांसाठी बांधलेले आहेत.

पांथस्थ

वर्षभर थांबण्याचा निर्णय मला पटला. आधी कर्जाविषयी: जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणाला कर्ज-शिष्यवृत्ती देते. राहण्याच्या खर्चासाठी तिकडे जरूर चौकशी करा.

ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ नकोच. त्या कापूस भरलेल्या खोल्यांत ट्रम्पेट कोरडा वाटतो आणि वादक नकळत जोर लावू लागतो. तुमच्याकडे जुनी चर्च आहेत, उंच छताची आणि दगडी भिंतींची, पण तिथे उलट घुमारा इतका असतो की 'पेत्रुश्का'ची जलद जीभ ऐकूच येणार नाही. शाळेचे किंवा पॅरिशचे मध्यम सभागृह शोधा, खुर्च्या आत राहू द्या, पंखे बंद करा. माइक दहा-बारा फुटांवर, वादकाच्या डोक्याच्या थोडा वर, आणि वाद्याची घंटा त्याच्यावर सरळ रोखू नका. ध्वनिमुद्रकाला आवाजाची आपोआप चढ-उतार करणारी सोय बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुमचा मालरचा फोर्तिस्सिमो (अतिशय मोठा आवाज) आणि लिओनोरेची दूरची ललकारी एकाच उंचीची ऐकू येतील. प्रत्येक भाग सलग हवा. मध्ये कापून जोडलेले चालत नाही, आणि जोडलेले लगेच ओळखू येते. हायडनला पियानोची साथ लागेल, तेव्हा पियानोवादकाबरोबर निदान दोन तालमी करा आणि पियानो त्याच आठवड्यात सुरात लावून घ्या. दमट हवेत त्याचा सूर हलतो, आणि मग ट्रम्पेटच्या मुख्य स्लाइडने (सूर जुळवायच्या सरकत्या नळीने) ती दरी भरून काढण्यात सगळी सकाळ जाते.

कुलाबा_बँडमन

आणि ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी फेस्ताचे बोलावणे आले तर घेऊ नका.